प्रवेशाचे कागद अकरावीतच हवेत

बारावीचा निकाल लागला की पुढच्या पंधरा दिवसांत तहसील कार्यालयांत एकच झुंबड उडते. सेतू केंद्राबाहेर सकाळपासून रांग, आत सर्व्हर बंद, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आजोबांचा पिवळा पडलेला शाळेचा दाखला, रेशनकार्ड, सातबारा, वडिलांच्या आधारकार्डाची झेरॉक्स. वर्तमानपत्रांत फोटो येतात, कुणीतरी मुदतवाढीची मागणी करतो, शासन ती देते आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. दोष बहुधा पालकांच्या माथी मारला जातो. ‘वर्षभर काय करत होतात?’ हा प्रश्न रास्तच आहे, फक्त तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. विद्यार्थी दोन वर्षे ज्याच्या पटावर होता, त्या कनिष्ठ महाविद्यालयाला तो विचारायला हवा.

बारावीनंतरच्या प्रवेशाची तयारी हे कनिष्ठ महाविद्यालयाचे काम आहे. ते अकरावीच्या पहिल्या सत्रात सुरू झाले पाहिजे, आणि शासनाने तसे बंधन घातले पाहिजे. आज आपल्याकडे हे काम कुणाचेच नाही. शिक्षक अभ्यासक्रम संपवण्यामागे असतात, क्लासवाले गुणांमागे. कागदपत्रे, अर्ज आणि तारखा ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेल्या आहेत. ज्या घरात आधी कुणी इंजिनीअर किंवा डॉक्टर झालेला आहे, तिथे हे ज्ञान मोठ्या भावंडाकडून धाकट्याकडे येते. ज्या घरातून पहिलेच मूल बारावी होते आहे, तिथे ते कुठून यावे?

सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी, हेच कित्येक घरांत निकालानंतर कळते. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. त्याची पडताळणी 2000 सालच्या कायद्यानुसार जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती करते. अनुसूचित जमातींसाठी तपासणी समित्या स्वतंत्र आहेत. राज्यातल्या अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण अशा अभ्यासक्रमांत राखीव जागेवर बसायचे असेल तर ही वैधता लागतेच.

तिथे खरी अडचण असते ती मानीव दिनांकाची, म्हणजे प्रत्येक प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेची. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. या तारखेच्या आधीचा, जातीची नोंद असलेला, वडिलांच्या बाजूचा पुरावा द्यावा लागतो. आज सतरा वर्षांच्या मुलाच्या वडिलांचा जन्म साधारण 1975 ते 1985 मधला. म्हणजे वडिलांचा दाखला बहुतेक वेळा या तारखेनंतरचाच निघतो, आणि शोध आजोबांपर्यंत किंवा पणजोबांपर्यंत जातो. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढायचा. गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना 14 म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीची नक्कल शोधायची. काही ठिकाणी या नोंदी मोडी लिपीत असतात, मराठवाड्यात काही उर्दूत. मग जाणकाराकडून लिप्यंतर करून घेणे आले. कुटुंब दोन पिढ्यांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले असेल तर पुराव्यासाठी त्या जिल्ह्याच्या फेऱ्या. हे सगळे निकाल आणि प्रवेशफेरी यांमधल्या चार-सहा आठवड्यांत बसवणे शक्य तरी आहे का?

पुरावा सापडला तरी काम संपत नाही. आजोबांच्या दाखल्यावर नाव आणि बापाचे नाव एवढेच असते, आडनाव नसते. वडिलांच्या दाखल्यावर आडनाव असते, पण जातीच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ लिहिलेले असते. काकांच्या दाखल्यावर पोटजात आहे, विद्यार्थ्याच्या दाखल्यावर नाही. हे तिन्ही कागद एकाच घरातले आहेत हे वंशावळीच्या शपथपत्राने जोडून दाखवावे लागते. समितीला शंका आली तर त्रुटी काढली जाते, आणि त्रुटीचा संदेश अर्जात दिलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर जातो. तो कुणी पाहिलाच नाही तर फाइल जागच्या जागी पडून राहते. पुरावा अपुरा वाटला तर प्रकरण दक्षता पथकाकडे जाते, पथक घरी आणि शाळेत चौकशी करते, त्यात महिने जातात. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे आधीच वैधता असेल, सख्खा काका, आत्या किंवा चुलत भाऊ, तर तो सगळ्यांत भक्कम पुरावा. म्हणून अर्जाआधी पहिला प्रश्न हाच विचारायचा: भावकीत वैधता कुणाची झाली आहे?

शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा वैधतेचा अर्ज महाविद्यालयामार्फतच जातो. प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा 15-ए नमुना त्याला जोडावा लागतो. म्हणजे या साखळीत कायद्याने महाविद्यालयाला आधीच जागा दिलेली आहे. ती जागा कार्यालयातल्या एका खिडकीपुरती उरली, मागेल त्याला सही मिळते, न मागणाऱ्याला कुणी विचारत नाही. माझी मागणी एवढीच, की ही खिडकी उलट्या दिशेने चालावी. अकरावीच्या प्रवेशअर्जात जातीचा प्रवर्ग लिहिलेला असतोच. त्या यादीवरून महाविद्यालयाने दिवाळीपूर्वी प्रत्येक राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला विचारावे: जातीचा दाखला आहे का, मानीव दिनांकाआधीचा पुरावा हातात आहे का, नसेल तर कुठे शोधणार? उन्हाळ्याच्या सुटीत पुरावा गोळा होतो आणि बारावीची पहिली घटक चाचणी होईपर्यंत अर्ज समितीपुढे असतो.

दुसरा घोळ तारखांचा, आणि तो वैधतेहून छुपा आहे. नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्राची, म्हणजे कुटुंब मागास प्रवर्गातल्या प्रगत गटात मोडत नाही अशा दाखल्याची, मुदत 31 मार्चला संपते. कुणी दक्ष पालक जानेवारीत प्रमाणपत्र काढून मोकळे होतात. त्यावर त्याच वर्षीच्या 31 मार्चपर्यंतची मुदत पडली असेल, तर जून-जुलैत प्रवेशफेरीच्या पडताळणीला तो कागद मेलेला असतो. राज्याच्या प्रवेशाला पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध असलेले प्रमाणपत्र लागते. मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडले तर जास्त मुदतीचे मिळू शकते, हे सेतूवरचा ऑपरेटर आपणहून सांगेलच असे नाही. त्यात भर म्हणजे केंद्राचा नमुना वेगळा. आयआयटी, एनआयटी किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातले ओबीसी प्रमाणपत्र लागते, आणि ते त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेले असावे लागते. राज्याच्या यादीतल्या सगळ्याच जाती केंद्राच्या यादीत नाहीत. एसईबीसी म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचे आरक्षण तर फक्त राज्यापुरते आहे. जेईई मेनचा पहिल्या सत्राचा अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरला जातो. त्यात चुकीचा प्रवर्ग निवडला, तर त्याची फळे जूनमध्ये भोगावी लागतात.

उत्पन्नाच्या बाबतीत तर सुशिक्षित घरेही फसतात. क्रीमी लेअर ठरवताना 8 लाखांची मर्यादा आहे, पण त्या कसोटीत पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. पालकांचे पद मात्र पाहतात. याउलट ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या) किंवा शुल्क सवलतीच्या 8 लाखांत सगळे उत्पन्न येते. आकडा एकच असल्यामुळे दोन्ही गणिते एकच आहेत असा समज होतो. मग दोघेही शिक्षक असलेले आईवडील ‘आपले उत्पन्न जास्त आहे’ म्हणून मुलीचे नॉन-क्रीमी लेअर काढतच नाहीत, आणि ती खुल्या प्रवर्गात स्पर्धा करते. कुणीतरी अर्ध्या तासात समजावून सांगितले असते तर ही चूक झाली नसती.

अधिवासाचे त्या मानाने सोपे आहे. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रात झालेली असेल, आणि जन्म महाराष्ट्रातला असेल किंवा अधिवास प्रमाणपत्र असेल, तर विद्यार्थी राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात ‘ए’ प्रकारात येतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ नीट लिहिलेले आहे ना, एवढे अकरावीत पाहून ठेवावे. तिथे नुसते गावाचे नाव असेल, तालुका-जिल्हा नसेल, तर दुरुस्तीसाठी जुन्या शाळेत जावे लागते आणि मे महिन्यात शाळा बंद असतात.

अर्ज भरण्याबद्दल थोडे जवळून पाहू, कारण इथली एक चूक वर्षानुवर्षे तशीच होत आली आहे. गावातला मुलगा सायबर कॅफेत जातो. कॅफेवाला भराभर फॉर्म भरतो, मोबाइल क्रमांकाच्या जागी स्वतःचा टाकतो कारण ओटीपी लगेच हवा असतो, ईमेल स्वतःच्याच दुकानाचा देतो, पासवर्ड त्याच्या वहीत. मुलाला मिळते एक प्रिंट. पुढे दुरुस्तीची खिडकी उघडल्याचा मेल येतो तो दुकानात. पडताळणीत त्रुटी निघाल्याचा संदेशही तिकडेच. प्रवेशफेरीत जागा मिळाल्याचा संदेश येतो तेव्हा दुकानदार लग्नाला परगावी गेलेला असतो. यात त्याचा वाईट हेतू नसतो, त्याला दिवसात चाळीस फॉर्म भरायचे असतात. उपाय साधा आहे. अकरावीतच विद्यार्थ्याचा स्वतःचा ईमेल तयार करायचा, प्रवेश पूर्ण होईपर्यंत न बदलणारा घरातला एकच मोबाइल क्रमांक ठरवायचा, आणि सगळे युजर आयडी-पासवर्ड एका वहीत घरी लिहून ठेवायचे. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत एका तासिकेत साठ मुलांचे हे काम होते.

त्याच तासिकेत नावही तपासावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. कुठे वडिलांचे नाव आहे, कुठे नाही. आईच्या नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे. सगळ्या परीक्षा दहावीच्या गुणपत्रिकेला प्रमाण मानून चालतात, म्हणून आधार तिच्याशी जुळवून घ्यायचे आणि हे ऑक्टोबरच्या आत करायचे. गुणपत्रिकाच चुकीची असेल तर बोर्डाकडून दुरुस्तीला वेळ लागतो. तो वेळ अकरावीत असतो, बारावीत नसतो.

एमएचटी-सीईटीचा अर्ज, बोर्डाची प्रात्यक्षिके, नीटचा अर्ज आणि केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीचा अर्ज ही सगळी गर्दी डिसेंबर अखेर ते मार्च या काळात होते. फेब्रुवारीत लेखी परीक्षा असते. ज्या आठवड्यात रसायनशास्त्राची उजळणी चालू आहे, त्याच आठवड्यात ठरावीक आकारातला फोटो आणि सही अपलोड करायची असते. निदान फोटो, सही आणि दाखल्यांचे स्कॅन दिवाळीतच तयार असतील तर फॉर्मला वीस मिनिटे लागतात. हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण कुणीतरी वेळेवर सांगावे लागते.

विज्ञान शाखेच्या मुलांना निदान परीक्षांची नावे तरी माहीत असतात. कला आणि वाणिज्यवाल्यांचे हाल त्याहून वाईट. 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सीयूईटीवर होतात. ती मराठीतूनही देता येते. पण मराठी माध्यमाच्या किती कनिष्ठ महाविद्यालयांत या परीक्षेचे नाव फळ्यावर लिहिले जाते? तिथे मुख्य चूक विषय निवडण्यात होते. जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात, आणि प्रत्येक विद्यापीठाच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला कोणते विषय चालतात हे वेगवेगळे असते. आधी अभ्यासक्रम ठरवून मग विषय निवडायचे, हा क्रम उलटा झाला की गुण असूनही अर्ज अपात्र ठरतो. राज्यातही 2024-25 पासून बीबीए, बीसीए, बीएमएससाठी सीईटी लागू झाली. पहिल्याच वर्षी पुष्कळ मुलांना ते कळले तोवर परीक्षा होऊन गेली होती, आणि राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाला त्याच वर्षी जादा परीक्षा घ्यावी लागली. माहिती पोहोचवण्याची जबाबदारी कुणाचीच नसली की असेच होणार.

मग पर्याय अर्ज, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी. इथे भीती फार नुकसान करते. ‘वरचे कॉलेज मिळणार नाही, मग पहिल्या क्रमांकावर कशाला लिहायचे?’ हा सल्ला आजही दिला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. संगणक गुणवत्ता यादीच्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे येतो आणि त्याचे पर्याय वरून खाली पाहत जातो. पहिला भरलेला असेल तर दुसरा, तोही भरलेला असेल तर तिसरा. वर अवघड कॉलेज लिहिल्यामुळे खालच्याची संधी तिळभरही कमी होत नाही. उलट भीतीपोटी सोपे कॉलेज वर लिहिले तर ते मिळते आणि गळ्यात पडते. 2025-26 च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घेणे बंधनकारक होते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. अशा नियमात क्रम लावणे ही गंभीर गोष्ट आहे. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागेचा पर्याय क्रमांक वेगळा असतो. तो स्वतंत्रपणे लिहिला नाही तर पात्र असूनही ती जागा मिळत नाही.

पैशाची बाजूही कागदांवरच उभी आहे. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. निर्णय चांगला आहे. पण प्रवेशफेरीबाहेर, संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली की हा लाभ जातो, आणि ही गोष्ट प्रवेश झाल्यावर कळून उपयोग नाही. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरून मिळणारे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. आधार सगळ्यांत शेवटी ज्या बँकेत या कामासाठी जोडले गेले, तिथे ते जातात. मग घरचे विचारतात, शिष्यवृत्ती मंजूर दिसते, पैसे कुठे गेले? ते कधीतरी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात पडलेले असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: शिक्षकांवर आधीच निवडणुका, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा भार आहे, त्यात हे कुठे? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हे काम शिक्षकांच्या मोकळ्या वेळेवर सोडू नये. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात एका लिपिकाला याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे, त्याच्या कामाच्या यादीत ते लिहावे आणि तेवढे दुसरे काम कमी करावे. समाजकल्याण आणि महसूल खात्याने महाविद्यालयांतच शिबिरे घ्यावीत. अशी शिबिरे आजही होतात, पण एखाद्या उत्साही प्राचार्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या मर्जीवर. ती वेळापत्रकात हवीत, अकरावीच्या दुसऱ्या सत्रात.

दुसरा आक्षेप असा, की मुलांना सगळे हातात दिले तर ती स्वावलंबी कशी होणार? सतरा वर्षांच्या मुलाने भौतिकशास्त्र शिकावे म्हणून आपण त्याला शिक्षक देतो, त्याला परावलंबन म्हणत नाही. शासकीय नमुने वाचणे हेही शिकण्याचेच काम आहे. शिवाय वैधतेचे शपथपत्र अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्याच्या वतीने पालकांनाच करावे लागते, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या आईला ‘स्वावलंबी हो’ म्हणून भागत नाही.

मुदतवाढ मिळतेच, मग घाई कशाला, असेही म्हटले जाते. 2024 मध्ये एसईबीसी आणि ओबीसी विद्यार्थ्यांना वैधतेसाठी सहा महिन्यांची सवलत द्यावी लागली, हे खरे. त्या सहा महिन्यांत ती मुले वर्गात बसली होती, पण प्रवेश टिकेल की नाही हे माहीत नसताना. मुदतीत प्रमाणपत्र आले नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. समितीवरचा भार मात्र मुदतवाढीने कमी होत नाही, तोच गठ्ठा पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यावर जाऊन पडतो. अर्ज वर्षभर विभागून आले तर त्याच मनुष्यबळात ते निकाली निघतील. दाखल्यांच्या बाबतीत 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अर्जाची पोच मिळते, मुदत ठरलेली असते, मुदत टळली तर अपील करता येते. पण अपील करायलाही हातात दिवस लागतात, आणि जूनमध्ये अर्ज करणाऱ्याकडे नेमके तेच नसतात.

सगळ्यात अवघड प्रश्न ‘इंटिग्रेटेड’ म्हणवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. विद्यार्थी नाव एका महाविद्यालयात घालतो आणि दोन वर्षे क्लासमध्ये बसतो. महाविद्यालयाच्या फलकावरची सूचना त्याला दिसत नाही, आणि लिपिकाला त्याचा चेहरा माहीत नसतो. क्लासला त्याच्या पर्सेंटाइलमध्ये रस, दाखल्यांत नाही. अशा महाविद्यालयांना मान्यता देताना आणि तिचे नूतनीकरण करताना शासनाने एक साधा तक्ता मागावा: अकरावीच्या अखेरीस राखीव प्रवर्गातल्या किती विद्यार्थ्यांचे पुरावे गोळा झाले, बारावीच्या पहिल्या सत्राअखेर किती वैधता अर्ज दाखल झाले, त्यातल्या कितींना त्रुटी निघाल्या आणि किती दूर झाल्या. असा तक्ता भरायचा आहे हे माहीत असले की मुलांना शोधून बोलवावेच लागेल. आणि सीईटी कक्षाने परीक्षांच्या तारखांबरोबर कागदपत्रांच्या अंतिम तारखा आणि मान्य नमुनेही डिसेंबरातच जाहीर करावेत. आज ही माहिती उन्हाळ्यात, माहितीपुस्तिका निघाल्यावर हाती येते, तेव्हा तहसीलची रांग दाराबाहेर गेलेली असते.